उन्हाळ्याचे पाणी आणि सुरंगीचा वळेसर

पाणी चुलीवर तापलेले असले तर आपल्याला सरपणाचा हिशेब आठवतो. ते भुईतून आपोआप तापून आलेले असले तर देव आठवतो. आपल्या देशात ऊन पाण्याचा झरा आहे आणि त्याच्या काठी देऊळ नाही, असे स्थळ मला तरी ठाऊक नाही. बदरीनारायणाच्या पायऱ्यांशी तप्तकुंड आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजी आप्पांनी नवस फेडून जिचे देऊळ उभे केले, ती वज्रेश्वरी ऊन कुंडांच्या शेजारी बसली आहे. आणि आमच्या राजापुरानजीकच्या उन्हाळे गावी, अर्जुना नदीच्या तीरावर, गोमुखातून अहोरात्र वाहणाऱ्या ऊन पाण्याजवळ महालक्ष्मी आहे.

मराठी भाषेने या झऱ्यांचे नाव ठेवताना फारसा विचार केलेला दिसत नाही, आणि म्हणूनच ते नाव इतके चांगले उतरले आहे. 'उष्ण'चे 'उन्ह' झाले. त्या उन्हाचा ऋतू तो उन्हाळा, आणि त्या उन्हाचा झरा ते उन्हाळे. दापोलीकडील उन्हवरे त्याच कुळातले. पालघरपासून राजापुरापर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत सुमारे तीनशे किलोमीटरांवर हे झरे एका माळेत ओवल्यासारखे आहेत. पावसाचे पाणी खडकांतील भेगांनी खोल उतरते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने हलके होऊन वर येते, असे भूशास्त्र सांगते. कोठे ज्वालामुखी नाही, धूर नाही, गर्जना नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्याने ही भूमी घडवली तो केव्हाच थंड झाला. पाणी तापवते ती पृथ्वीच्या पोटातील नित्याची ऊब.

माझे वास्तव्य गेली वीस-बावीस वर्षे भोपाळला आहे. वकिलीचा व्यवसाय मनुष्याला ज्या गावी रुजवतो ते गाव सहसा सोडू देत नाही. मुले येथेच जन्मली. ती शाळेत हिंदी बोलतात, माझ्याशी मराठी, आणि सौ. फोंडा महालातील असल्यामुळे रागावण्याची व लाड करण्याची भाषा कोकणी, अशी घरात तीन भाषांची वाटणी झाली आहे. मातोश्री वर्षातील आठ महिने आमच्याजवळ असतात आणि चार महिने, त्यांच्या शब्दांत, 'घरी' असतात.

या मुलांना ऊन पाण्याचा पहिला परिचय कोकणात झाला नाही, सातपुड्यात झाला. महादेव डोंगरांच्या पायथ्याशी, छिंदवाडा जिल्ह्यातील झिरपा गावाजवळ अनहोनी नावाचे स्थान आहे. एका हिवाळ्यात आम्ही पहाटे निघालो, नर्मदा ओलांडली, २०२२ पासून ज्याला नर्मदापुरम् म्हणतात त्या होशंगाबादेवरून पिपरियामार्गे तेथे पोहोचलो आणि रात्री परतलो. पाण्याला गंधकाचा दर्प होता. त्वचेच्या विकारांवर ते गुणकारी, अशी भोवतालच्या लोकांची श्रद्धा. मुलीला मात्र पाण्यापेक्षा नावाचे कौतुक अधिक वाटले. हिंदीत 'अनहोनी' म्हणजे जे घडू नये किंवा घडणे शक्य नाही ते. आणि येथे तर ते राजरोस घडत होते! मी तिला म्हटले की या नावात आपलेच 'उन्ह' दडले असावे असे मला वाटते. ती म्हणाली, ''बाबा, तुम्हांला सगळीकडे कोकणच दिसते.'' या आरोपाला माझ्याजवळ बचाव नव्हता.

त्यानंतर चिरंजीवांनी, वय वर्षे नऊ, एका पुस्तकात बोर्निओ बेटावरील पोरिंग या ठिकाणाची हकीकत वाचली. मलेशियाच्या सबा प्रांतात किनाबालू पर्वताच्या पायथ्याशी पोरिंगचे ऊन झरे आहेत. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी तेथे स्नानाचे हौद बांधले. 'पोरिंग' हे तिकडील एका जातीच्या बांबूचे नाव. त्याच परिसरातील रानात राफ्लेशिया फुलते. या वनस्पतीला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. ती एका रानवेलीच्या अंगात धाग्यासारखी राहते, तिच्याच रसावर जगते आणि कित्येक महिने कळीच्या रूपात गप्प बसून एके दिवशी परातीएवढे तांबडे, ठिपक्यांचे फूल जमिनीवर उघडते. फूल टिकते पाच-सात दिवस. वास सडक्या मांसाचा, कारण तिला बोलवायच्या असतात माश्या. युरोपीय शास्त्रज्ञांत जिची कीर्ती पसरली ती याच कुळातील सुमात्रामधील जात १८१८ मध्ये स्टॅम्फर्ड रॅफल्स यांच्या स्वारीतील डॉक्टर जोसेफ आर्नल्ड यांनी पाहिली. पण त्यांना फुलाकडे बोलावून नेणारा त्यांचा एक मलायी सेवक होता, त्याचे नाव कोणी टिपले नाही. आर्नल्ड त्याच वर्षी तापाने वारले. फुलाच्या नावात रॅफल्स आहेत आणि आर्नल्ड आहेत; ज्याने बोट दाखवले तो नाही.

मला त्या हकीकतीत विशेष वाटले ते वेगळेच. पोरिंगच्या आसपास ज्या शेतकऱ्याच्या जमिनीत राफ्लेशियाची कळी निघते तो तिच्याभोवती कुंपण घालतो, फूल उमलले की रस्त्यावर पाटी लावतो आणि पाहणाऱ्याकडून पैसे घेतो. पाच-सात दिवसांची कमाई! पण त्या कमाईच्या आशेने तो वेल राखतो आणि वेलीसाठी रान राखतो. देवाच्या धाकाने राखलेली राने आपण पाहिली आहेत. येथे दिडकीच्या लोभाने राखलेले रान होते. राखणे मात्र दोन्हीकडे घडले.

''एका दिवसात ऊन पाणी आणि दुर्मिळ फूल, असे आपल्याकडे कोठे आहे?'' चिरंजीवांनी विचारले.

''आहे,'' मातोश्री आतल्या खोलीतून म्हणाल्या. ''फाल्गुनात घरी चला.''

दोन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात आम्ही मंगला एक्सप्रेसने निघून रत्नागिरीस उतरलो आणि राजापूर तालुक्यातील आमच्या मूळ घरी गेलो. शिमग्याची पालखी होऊन गेली होती. तेथे माझे चुलतबंधू राहतात, त्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. ज्या फुलाविषयी मातोश्री बोलल्या ते आमच्या सामाईक जमिनीच्या टोकाला, वहाळाच्या काठी उभ्या असलेल्या एका जुन्या सुरंगीचे.

या नियतकालिकाच्या वाचकांना सुरंगी समजावून सांगणे म्हणजे मासेवाल्याला खारे पाणी समजावण्यासारखे आहे. तरीही भोपाळमध्ये वाढलेल्या मुलांना जे सांगावे लागले ते येथे थोडक्यात सांगतो. सुरंगी हा सह्याद्रीच्या सदाहरित रानातील वृक्ष. जगाच्या पाठीवर पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याची कोकणपट्टी, गोवे, कर्नाटक, केरळ एवढीच त्याची जन्मभूमी. उंडी आणि नागचाफा हे त्याचे सख्खे, कोकम हे त्याचे जवळचे नातलग. पाने जाड, काळपट हिरवी, चकचकीत. फुले पानांच्या शेंड्याशी येत नाहीत, तर जुन्या लाकडावर, पाने गळून गेलेल्या फांद्यांना बिलगून झुबक्यांनी येतात. लांबून पाहिले तर झाडाला फूल आहे हेच कळत नाही. जवळ गेल्यावर दिसते की फांदी दिसेनाशी झाली आहे. कळी वाटोळी, किंचित लालसर. उमलली की चार शुभ्र पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा दाट गुच्छ. काही झाडांना नुसती नरफुले येतात. सुकलेली कळी वैद्यांच्या बाजारात 'तांबडा नागकेसर' म्हणून विकली जाते. हंगाम जेमतेम माघ-फाल्गुनाचा, आणि दिवसातील वेळ त्याहून थोडी.

म्हणून आम्हांला पहाटे काळोखात निघावे लागले. गावातील एक बाई आणि तिचा मुलगा दरवर्षी या झाडाचा मक्ता घेतात. मुलगा आधीच वर चढला होता. खाली जुनी लुगडी अंथरली होती आणि त्यांवर कळ्यांचा बारीक पाऊस चालला होता. त्या बाईने माझ्या मुलीच्या ओंजळीत कळ्या ओतल्या आणि म्हणाली, ''बाय, ऊन चढलं की कळी हसते. हसली की मग ती बाजाराची राहत नाही.'' हळूहळू उजाडले. मधमाश्यांचा घोष सुरू झाला, इतका की झाडच गुणगुणते आहे असे वाटावे. वासाविषयी मी काही लिहीत नाही. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांना शब्द नकोत, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना ते पुरणार नाहीत. चिरंजीवांनी मात्र आपला निकाल तत्काळ दिला: बोर्निओचे फूल मोठे, पण ते माश्यांसाठी; हे लहान, पण हे आपल्यासाठी. मी त्याला मधमाश्यांची आठवण दिली.

मातोश्री एका दगडावर बसून देवीसाठी वळेसर गुंफू लागल्या. सौ.ला माहेरची आठवण झाली. म्हार्दोळला म्हाळसेची जायांची पूजा असते त्या दिवशी सारे देऊळ जायांनी भरून जाते. तरी जाई सकाळची संध्याकाळी मलूल होते. ''सुरंगाचो वास फूल सुकलें तरी वचना,'' ती मुलीला म्हणाली.

अण्णा तोवर गप्प होते. मग मला वहाळापलीकडे नेऊन त्यांनी खिशातून एक कागद काढला.

मामला असा होता. ती डोंगरउताराची जमीन सुमारे दोन एकर. सातबाऱ्यावर सात नावे. सात नावांपैकी गावात राहणारे एकटे अण्णा. रस्ता रुंद झाल्यापासून जमिनींना भाव आला आहे. शहरातील एका गृहस्थाने सगळा तुकडा घ्यायची तयारी दाखवली होती. मात्र त्याला जमीन 'मोकळी' हवी होती. वहाळाकाठची झाडे काढून द्यायची. सुरंगीच्या लाकडाचे पैसे तो वेगळे देणार होता. इतर पाच जणांनी संमती कळवली होती. उरली होती माझी सही.

''भाऊ, तुम्ही नको म्हणाल हे मला ठाऊक आहे,'' अण्णा म्हणाले. ''पण आधी माझे ऐका. मुलीला औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. आंब्याचा मोहोर तीन वर्षे अवकाळीने नेला. घरपट्टी मी भरतो, कौले मी चाळतो, देवीचा मान मी सांभाळतो. सगळ्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत, दिवा मात्र मी लावतो.''

त्यांच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी एवढेच म्हटले की संध्याकाळी देवळात बोलू.

ऊन वाढण्यापूर्वी आम्ही उन्हाळ्यास गेलो. तेथील पाण्याचे तापमान चाळीस अंशांच्या थोडे वर. उन्हवऱ्याचे पाणी याहून पुष्कळ कढत, सत्तरीच्या घरातले. म्हणून उन्हाळ्याचे पाणी म्हातारपणाला मानवते. गोमुखाखाली बसल्यावर मातोश्रींच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते भोपाळच्या कोणत्याही वैद्याच्या लेपाने येत नाही. त्यांचे लग्न होऊन त्या या प्रांती आल्या त्या वर्षी सासूबाईंनी त्यांना येथेच आणले होते. ''तेव्हाही पाणी एवढेच ऊन होते,'' त्या म्हणाल्या, जणू एखाद्या नातलगाच्या प्रकृतीची बातमी सांगावी.

उन्हाळे गावाचे नवल असे की तेथे दोन स्वभावांची दोन पाणी आहेत. ऊन पाणी कधी चुकत नाही. आणि थोडे वर, वडाच्या मुळाशी प्रकटणारी राजापूरची गंगा आपल्या मर्जीने येते. साधारण तीन वर्षांनी ती येते असा पूर्वापार अनुभव. अलीकडे ते वेळापत्रक तिने पाळलेले नाही. आली की चौदा कुंडे भरतात, यात्रा लोटते, आणि दोनतीन महिन्यांनी ती जशी आली तशी निघून जाते. भूगर्भातील पोकळीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत साठले की वक्रनलिकेच्या न्यायाने ते वाहू लागते, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आम्ही गेलो तेव्हा गंगा नव्हती. कुंडे कोरडी होती, त्यांत वडाची पाने पडली होती. कुंडांच्या नावांत काशी आहे, यमुना आहे, गोदा आहे, कृष्णा आहे, आणि नर्मदाही आहे. ज्या नदीवरून आम्ही प्रवासाच्या पहिल्याच रात्री आगगाडीने आलो तिचे नाव येथे एका कोरड्या कुंडाला पाहून मुलगी थबकली. मग तिने विचारले, ''पाणी नसताना लोक ही कुंडे बुजवून का टाकत नाहीत?''

मातोश्रींनी उत्तर दिले, ''येणाऱ्याची जागा ठेवावी लागते.''

या उत्तरात माझ्या प्रश्नाचे उत्तर होते असे म्हणणे सोपे आहे. पण अण्णांच्या मुलीचे शुल्क कोरड्या कुंडाच्या उपमेने भरता येत नाही. वकिलाचे डोके अशा वेळी आपल्या सवयीच्या वाटेने चालू लागते, तसे माझे चालू लागले.

झाड ही स्थावर मालमत्ता की जंगम? सामान्य मनुष्याला हा प्रश्नच विनोदी वाटेल. झाडाइतके स्थावर दुसरे काय आहे? परंतु १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा म्हणतो की 'उभे इमारती लाकूड' हे स्थावर नव्हे. मग उभे झाड आणि उभे लाकूड यांत फरक कोणता? १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हा खटला आला. जुन्या मध्यप्रांतातील एका जमीनदाराने आपल्या पत्नीला जंगलातील लाकूड तोडण्याचा हक्क लिहून दिला होता, त्यातून तो उद्भवला. त्यात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, आपले स्वतंत्र मत लिहिताना हा भेद उलगडला आहे. त्याचा सारांश असा: जे झाड लवकरच तोडायचे ठरले आहे ते उभे असले तरी लाकूड, आणि जे पुढेही भुईतून रस ओढून फळफूल देत राहावे अशी इच्छा आहे ते झाड. म्हणजे भेद झाडात नाही, भेद माणसाच्या हेतूत आहे. सुरंगीला काही कळणार नाही, तिच्या कळ्या पडत राहतील, मधमाश्या येतील. पण त्या कागदावर सातवी सही पडताच ती झाडाची लाकूड होईल. कायद्याच्या पुस्तकात मी हे वाक्य विद्यार्थिदशेपासून वाचत आलो. त्याचे वजन मला त्या दिवशी कळले.

मी सही नाकारू शकत होतो. सामाईक जमिनीत एका हिस्सेदाराने हात आखडला की सगळा व्यवहार अडतो; घेणारा अविभक्त हिस्सा घेऊन वाटपाचा दावा करण्याच्या भरीस सहसा पडत नाही. अशी अडवणूक करून पुण्य पदरात पाडणारे पुष्कळ अशील मी पाहिले आहेत. दूर शहरात राहणाऱ्या हिस्सेदाराचे वृक्षप्रेम फार स्वस्त असते. त्याला झाडाची सावली आठवणीत मिळते, आणि झाडाखालची जमीन न विकल्याचा खर्च गावात राहणारा भरतो. पोरिंगच्या शेतकऱ्याला फुलाने काही दिले म्हणून त्याने वेल राखला. आमच्या सुरंगीचा मक्ता येतो तो अण्णांच्या घरी आठवड्याचा बाजार करण्यापुरता. तेव्हा झाड राहावे असे ज्याला वाटते त्याने त्याची किंमत दुसऱ्याच्या खिशातून देऊ नये, एवढे तरी मला स्पष्ट दिसू लागले.

तिसऱ्या प्रहरी आम्ही देवी हसोळला आर्यादुर्गेच्या दर्शनास गेलो. देवळाजवळच्या कातळावर कोणा अज्ञात हातांनी कोरलेली मोठी चौकोनी आकृती आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत कोकणातील जी कातळशिल्पे नोंदली गेली त्यांत हीही आहे. कोरणारे कोण, कोणत्या देवासाठी, काय मागत होते, काही सांगता येत नाही. त्या रेषा मात्र पावसाळ्यांना पुरून उरल्या आहेत. गुरवांनी देवीला सुरंगीचा वळेसर घातला. गाभाऱ्यातील तेलाच्या आणि धुपाच्या वासात तो वास मिसळला, आणि मातोश्री बराच वेळ हात जोडून उभ्या राहिल्या.

सभामंडपाच्या कट्ट्यावर आम्ही बसलो. मुलीला प्रकरणाचा सुगावा लागलाच होता. ती म्हणाली, ''बाबा, तुम्ही वकील आहात. असा कागद करा की हे झाड कोणी कधीही तोडायचे नाही, जमीन कोणी कधीही विकायची नाही.''

मला तिला सांगावे लागले की असा कागद करता येत नाही. मालकी देऊन विकण्याचा हक्क कायमचा काढून घेणारी अट त्याच १८८२ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने व्यर्थ ठरवली आहे. मेलेल्यांनी जिवंतांचे हात सर्वकाळ बांधून ठेवू नयेत, हा त्यामागील विचार. एक वाट मात्र आहे. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. तिच्या नावे मालमत्ता असू शकते, १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व ठामपणे मांडले. जमीन देवस्थानास अर्पण केली तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वसंमतीवाचून ती कोणाला विकता येत नाही. आपल्या पूर्वजांनी देवराया याच युक्तीने राखल्या. कायदा नव्हता, देव होता.

''मग देवीच्या नावावर करा,'' मुलगी म्हणाली. अण्णांनीही मान हलवली. देवीचे नाव निघाल्यावर ते नाही म्हणणारे नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र मुलीच्या शुल्काचा आकडा मला स्वच्छ वाचता येत होता.

मातोश्री म्हणाल्या, ''देवीला झाड नको आहे. तिला फूल हवे आहे. झाड सांभाळणे तिच्यावर ढकलू नका.''

त्यानंतर वाद उरला नाही, हिशेब उरला. आणि हिशेब मला येतो. वहाळाकाठचा बारा गुंठ्यांचा तुकडा, ज्याला रस्ता नाही आणि म्हणून भावही नाही, तो वाटपात माझ्याकडे यावा. रस्त्याकडील बाकी सगळी जमीन इतर सहा जणांनी विकावी. त्या विक्रीतील माझ्या वाट्याची रक्कम अण्णांच्या नावे जावी, कारण दिव्याचे तेल आजवर त्यांनी घातले आहे. अण्णा रकमेवर अडून बसले. नाही-होय करता करता गुरवांनी सायंकाळची आरती सुरू केली, आणि आरतीनंतर कोणाला पुन्हा नाही म्हणवेना. घेणाऱ्या गृहस्थाने झाडांशिवायच्या तुकड्याचा भाव थोडा पाडला. इतर पाच जणांपैकी दोघांनी कुरकूर केली, तीही रास्त होती. त्यांना मी पत्रे लिहिली. मोजणी, फेरफार, नोंदणी हे सारे व्हायला दहा महिने लागले.

यातून झाड वाचले असे मी म्हणत नाही. वरच्या बाजूला बांधकाम झाले की वहाळाचे पाणी कोणीकडे वळेल, कोणी सांगावे? मक्ता घेणाऱ्या बाईचा मुलगा पुण्यात नोकरी शोधतो आहे. उद्या झाडावर चढणारा मिळाला नाही तर कळ्या झाडावरच हसतील आणि गळतील. मधमाश्यांना मात्र त्याचे दुःख होणार नाही. वाटपाच्या दस्तात मी त्या बाईचे नाव मक्तेदार म्हणून घातले आहे. फुलाकडे बोट दाखवणाऱ्याचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे, एवढाच त्यात हेतू. कायद्याच्या दृष्टीने त्या ओळीला फारसा अर्थ नाही, असे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील कारकुनाने मला दोनदा सांगितले. मी ती ओळ ठेवली.

त्या दिवशी उरलेल्या कळ्यांचा एक वळेसर आम्ही भोपाळला आणला. तो देव्हाऱ्यात आहे. पाकळ्या तपकिरी झाल्या, केसर कुरकुरीत झाले; तरी देव्हाऱ्याचे दार उघडले की वास येतो, आणि दरवर्षी पहिल्यापेक्षा थोडा कमी येतो. यंदा माघ लागताच मुलीने अण्णांना दूरध्वनी करून कळ्या धरल्या का, असे विचारले. धरल्या होत्या. चिरंजीवांनी दुसरा प्रश्न विचारला: गंगा आली का? ती अजून आलेली नव्हती.